पंचनाम्यात नसलेले नुकसान

महापूर ओसरला म्हणजे सरकारी यंत्रणेचे पहिले काम पंचनाम्याचे. तलाठी आणि नगरपरिषदेचे कर्मचारी दारोदार फिरतात. पडलेल्या भिंती, वाहून गेलेली भांडीकुंडी, दगावलेली जनावरे आणि चिखलात बुडालेला माल यांची मोजदाद करतात. पंचांच्या सह्या होतात आणि कागद वरच्या कचेरीकडे रवाना होतो. हे काम आवश्यक आहे, आणि ते चोख व वेळेवर व्हावे याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. तथापि त्या छापील कागदावर एका गोष्टीला रकाना नसतो, आणि ज्याला रकाना नाही त्याला भरपाईही नाही, अशी आपल्या राज्यकारभाराची रीत आहे. ती गोष्ट म्हणजे शेजार. गाव हे नुसत्या घरांच्या बेरजेने होत नाही. घराघरांमध्ये जे देणेघेणे, जाणेयेणे आणि एकमेकांवरचा भरवसा असतो त्याने ते होते. आपत्तीत हा भरवसा मोडला तर घरे बांधून झाल्यावरही गाव उभे राहत नाही. आणि तो शाबूत राहिला तर घरे बांधली जाण्यापूर्वीच गाव उभे राहू लागते.

हा विषय आज काढण्यास कारण आहे. कोकणातील चिपळूण शहर २२ जुलै २०२१ रोजी पाण्याखाली गेले. त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली. जुलै २०२३ मध्ये खालापूर तालुक्यातील इरशाळवाडी डोंगराखाली गाडली गेली. प्रत्येक प्रसंगी मंत्र्यांचे दौरे झाले, मदतीचे आकडे जाहीर झाले, आणि नव्या घरांची आश्वासने देण्यात आली. या आश्वासनांची पूर्तता किती झाली याचा हिशेब मागणे हे वृत्तपत्रांचे कर्तव्यच आहे. परंतु त्या हिशेबात घरांच्या संख्येपलीकडे काही विचारण्याची सवय ना सरकारला आहे ना आम्हां वृत्तपत्रांना. ती लावून घेण्याची वेळ आली आहे, असे आम्हांस वाटते.

चिपळूणचे उदाहरण या दृष्टीने विचार करण्यासारखे आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे सुमारे ५५ हजार वस्तीचे हे शहर वाशिष्ठी आणि शिव या नद्यांच्या काठी वसलेले आहे. सह्याद्रीच्या उभ्या कड्यांवरून कोसळणारे पाणी थोड्याच मैलांच्या प्रवासात येथे सपाटीला येते. खाली गोवळकोटच्या बाजूने दाभोळच्या खाडीची भरती वर चढत असते. वरून लोंढा आणि खालून भरती अशा कात्रीत हे गाव सापडते. त्यात कोयना प्रकल्पाचे अवजल, म्हणजे वीज निर्माण करून बाहेर पडणारे पाणी, याच वाशिष्ठीत सोडले जाते. वर्षानुवर्षे साचलेल्या गाळाने नदीचे पात्र उथळ झाले, पऱ्ये बुजले, पाण्याच्या हक्काच्या जागेवर इमारती उठल्या. यांपैकी कोणत्या कारणाचा वाटा किती, हा वाद तज्ज्ञांचा आहे आणि तो त्यांनी मिटवावा. परंतु २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर अवघ्या सोळा वर्षांत तोच प्रसंग अधिक उग्र रूपाने यावा, यात निसर्गाइतकाच माणसांच्या विसराळूपणाचाही हात आहे, हे कोणीही कबूल करील.

त्या दिवशी बाजारपेठेतील तळमजले बुडाले, मुंबई-गोवा महामार्गावरील वाशिष्ठीच्या जुन्या पुलाचा भाग वाहून गेला, आणि वीज व दूरध्वनी बंद पडून शहर जगापासून तुटले. साथीच्या रोगाचे ते वर्ष होते. सुमारे दीड वर्ष सर्वांना एकच शिकवण मिळाली होती, की दुसऱ्यापासून अंतर राखा. पाणी चढू लागताच ही शिकवण पुसली गेली. वरच्या मजल्याचे दार खालच्या मजल्यासाठी उघडले, आणि एरवी जिन्यात ओझरते भेटणारी माणसे एकाच खोलीत रात्र काढू लागली. सरकारी नौका आणि पथके आली, त्यांनी अनेकांचे प्राण वाचविले, त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु पथक पोहोचेपर्यंतचे जे तास असतात ते शेजाऱ्यांच्या भरवशावरच काढावे लागतात. कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेली म्हातारी आहे, कोणाकडे चार दिवसांचे तान्हे मूल आहे, कोण एकटा राहतो, ही माहिती कोणत्याही कचेरीच्या दप्तरात नसते. ती शेजाऱ्याला असते. शेजार हा केवळ जिव्हाळ्याचा विषय नसून संरक्षणाची पहिली फळी आहे, हे यावरून ध्यानात यावे.

पूर ओसरल्यावरची गोष्ट याहून बोधप्रद आहे. लहान शहराची बाजारपेठ भांडवलावर चालते त्याहून अधिक पतीवर चालते. दुकानदार गिऱ्हाइकाला उधार देतो, घाऊक व्यापारी दुकानदाराला माल देतो, आणि खेड्यातला शेतकरी भात झोडल्यावर पैसे देईन असे सांगून सामान नेतो. या सर्वांचा आधार म्हणजे एक वही. ती वही चिखलात विरघळली तर येणे वसूल कशाच्या जोरावर करावयाचे? न्यायालयात पुरावा नाही, विम्याच्या कागदात तिची गणती नाही. उरतो तो माणसाचा शब्द. ज्या गावात देणेकरी स्वतः येऊन ‘माझ्याकडे तुमचे इतके निघतात’ असे सांगतो त्या गावाचा बाजार पुन्हा भरतो. जेथे तो तोंड चुकवितो तेथे सरकारने दिलेले अनुदान संपले की दुकानाची फळी कायमची लागते. अर्थशास्त्राच्या पुस्तकात या गोष्टीला काहीही नाव असो, बाजारात तिला पत म्हणतात, आणि ती एका दिवसात निर्माण होत नाही.

जे बाजाराचे तेच ज्ञानाचे. चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ साली स्थापन झालेले. इतक्या लहान गावाने दीड शतकाहून अधिक काळ एक ग्रंथालय चालवावे, त्याच्या पुढाकाराने जानेवारी २०१३ मध्ये शहाऐंशीवे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरवावे, ही गोष्ट मोठमोठ्या शहरांनी मान खाली घालावी अशी आहे. या ग्रंथालयात २००५ साली पाणी शिरले; २०२१ साली पुन्हा शिरले आणि हजारो ग्रंथांचा लगदा झाला. पोटाला अन्न आणि अंगावर वस्त्र नाही अशा वेळी पुस्तकांचे काय घेऊन बसलात, असे कोणी व्यवहारी गृहस्थ विचारतील. त्यांस आमचे उत्तर असे की, ज्या ठिकाणी व्यापारी, शिक्षक, निवृत्त कारकून आणि शाळकरी मुलगी एकाच टेबलाभोवती बसतात अशी ठिकाणे गावात किती असतात? ग्रंथालय पुन्हा उघडते तेव्हा नुसती पुस्तके परत येत नाहीत. माणसांना पुन्हा एकत्र बसावयास जागा मिळते. चिपळूणकरांनी ते दोनदा उभे केले, याचे मोल कोणत्याही पुलाच्या खर्चाहून कमी नाही.

आणि माणसे एकत्र बसली म्हणजे काय घडते हेही त्याच वर्षी दिसून आले. नदीतील गाळ काढा, ही मागणी एकेकट्याने अर्ज करून वर्षानुवर्षे पडून होती. डिसेंबर २०२१ मध्ये चिपळूण बचाव समितीच्या नेतृत्वाखाली नागरिक साखळी उपोषणास बसले. पक्ष, पेशा आणि पेठ हे भेद बाजूला ठेवून माणसे पाळीपाळीने मांडवात बसली, आणि पुढे वाशिष्ठी व शिव नद्यांतील गाळ उपसण्याचे काम हाती घेण्यात आले. नाम फाउंडेशनसारख्या संस्थेनेही त्यात आपला हात लावला. या कामाने पुराचा धोका समूळ टळला असे समजण्याचे कारण नाही. पण पूर म्हणजे दैव असे मानून कपाळाला हात लावणारे गाव आणि पूर म्हणजे आपल्या सर्वांच्या समोरचे काम असे मानणारे गाव, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. ते अंतर मदतीच्या पैशाने तुटत नाही. एकत्र येण्यानेच तुटते.

आता याची दुसरी बाजू पाहू. चिपळूण जागचे हलले नाही, म्हणून त्याचे शेजार टिकू शकले. जेथे सबंध गावच उचलून दुसरीकडे नेले जाते तेथे काय होते, याचा धडा महाराष्ट्राला ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने दिला आहे. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक झोपी गेले आणि पहाटे चारच्या सुमारास किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे जमीनदोस्त झाली. अधिकृत नोंदीनुसारच मृतांची संख्या आठ हजारांच्या घरात आहे. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरील मातीचे जड माळवद हेच माणसांचे थडगे झाले. साहजिकच वाचलेल्यांना दगडाची आणि जुन्या जागेची धास्ती बसली. गाव हलवा, अशी मागणी त्यांनीच केली. जागतिक बँकेच्या साहाय्याने प्रचंड कार्यक्रम आखण्यात आला आणि ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. त्या काळात शासनाने आणि अनेक संस्थांनी दाखविलेली तडफ नाकारण्याचा करंटेपणा आम्ही करणार नाही.

परंतु नवी गावे आखली गेली ती कोणत्या मापाने? ज्याच्याकडे जमीन नाही किंवा थोडी आहे त्याला २५० चौरस फुटांचे घर, मध्यम शेतकऱ्याला ४०० चौरस फुटांचे आणि मोठ्या जमीनधारकाला ७५० चौरस फुटांचे, अशी प्रतवारी ठरली. अनेक ठिकाणी एका प्रतीची घरे एकत्र आणि दुसऱ्या प्रतीची दुसरीकडे अशी रांगेत मांडली गेली. जुन्या गावात एका बोळात, भिंतीला भिंत लावून राहणारे भाऊबंद आणि सोबती नव्या गावात दूरदूर फेकले गेले. रस्ते रुंद केले, कारण पुन्हा भूकंप झाला तर मलब्याने वाट अडू नये. हा विचार चुकीचा नव्हता. पण जुन्या गावठाणाच्या कितीतरी पट पसरलेल्या नव्या गावात म्हाताऱ्या माणसाला पारापर्यंत जाणे जड झाले, आणि ओट्यावर बसून पलीकडच्या ओट्याशी बोलण्याची सोय संपली. पुढे लोकांनीच आपापल्या घरांना ओटे जोडले, गोठे बांधले, आवाराच्या भिंती घातल्या. आराखडा काढणाऱ्यांनी जे विसरले ते लोकांनी हाताने दुरुस्त केले; फक्त दुरावलेला शेजारी त्यांना ओढून आणता आला नाही.

त्याच भूकंपानंतरच्या कार्यक्रमात एक निराळा आणि यशस्वी प्रयोगही झाला, तो या ठिकाणी नमूद केला पाहिजे. जी गावे हलविली नाहीत, तर जागीच दुरुस्त व मजबूत करावयाची होती, अशा हजाराहून अधिक गावांत स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या साहाय्याने महिलांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमण्यात आले. घर भूकंपात टिकावे म्हणून भिंत कशी बांधावी, अनुदानाचा हप्ता केव्हा मिळतो, अभियंत्याला कोणता प्रश्न विचारावा, हे या स्त्रिया घरोघर समजावून देत आणि गावाचे म्हणणे कचेरीपर्यंत पोहोचवीत. ज्या बायकांनी तोवर चावडीची पायरी चढली नव्हती त्या ग्रामसभेत बोलू लागल्या. पुढे यांतूनच बचतीचे आणि उद्योगाचे गट उभे राहिले. तात्पर्य, शासनाच्या योजनेत गाव जोडण्याला जागा ठेवली तर तीच योजना घराबरोबर गावही उभे करते. त्यासाठी फार मोठा खर्च लागतो असे नाही. त्याची आठवण मात्र ठेवावी लागते.

पुण्याच्या वाचकांस हे पटविण्याची विशेष गरज नसावी. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि मुठेच्या काठच्या पेठांतील वाड्यांमध्ये पाणी शिरले. त्यानंतर पूरग्रस्तांच्या वसाहती झाल्या, गोखलेनगर वसले, गृहरचना संस्था निघाल्या. ज्यांना जागा मिळाल्या त्यांचे बरे झाले. पण एका चौकात, एका नळावर, एका तुळशीभोवती वाढलेल्या बिऱ्हाडांची जी पांगापांग झाली ती कायमचीच झाली. त्या पिढीची माणसे पुराविषयी बोलू लागली की वाहून गेलेल्या कपाटापेक्षा दुरावलेल्या शेजाऱ्यांविषयीच अधिक बोलत असत, हे अनेक घरांतून ऐकावयास मिळालेले आहे.

येथे एक आक्षेप उद्भवतो आणि तो गंभीर आहे. शेजार राखा, म्हणजे जुने गाव जसे होते तसेच पुन्हा वसवा, असा याचा अर्थ होतो काय? जुन्या गावात जिव्हाळा होता तशी गावकुसाबाहेरची वस्तीही होती. एकाच्या विहिरीवर दुसऱ्याला पाणी नव्हते. ज्यांच्या वाट्याला त्या शेजाराने अपमानच आला त्यांनी त्याच्या पुनर्बांधणीसाठी का झटावे? या प्रश्नाला बगल देऊन चालणार नाही. आमचे म्हणणे स्पष्ट आहे. आपत्ती सर्वांना सारखे झोडपते हे केवळ ऐकावयास बरे वाटते. नदीकाठची खोलगट जागा, डोंगराच्या पायथ्याची जागा ही गरिबाच्याच वाट्याला आलेली असते, आणि मदतीच्या रांगेतही तोच शेवटी असतो. म्हणून नव्या गावात जुने बंध यावेत, जुनी कुंपणे येऊ नयेत. कोणाला कोणाशेजारी राहावयाचे आहे हे त्या त्या माणसांना विचारून ठरवावे. परंतु पाणी, शाळा, दवाखाना, बाजार आणि समाजमंदिर ही अशा ठिकाणी असावीत, की तेथे जाताना कोणालाही आपण परक्याच्या हद्दीत आलो असे वाटू नये. घरांची प्रतवारी जमिनीच्या मोजमापावर बेतून वस्त्या वेगळ्या पाडणे हे तर नव्या काळात नवी शिव आखण्यासारखे आहे. ते पुन्हा कदापि होता कामा नये.

या विवेचनावरून काही व्यावहारिक गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही की, पंचनाम्याच्या नमुन्यात सार्वजनिक जागांचा स्वतंत्र भाग असावा. ग्रंथालय, तालीम, सभागृह, मंदिराचा वा मशिदीचा उघडा मंडप, बाजाराचा ओटा, मुलांचे मैदान यांचे नुकसान घरांच्या नुकसानीबरोबरच नोंदले जावे आणि त्यांची दुरुस्ती सर्वांत शेवटी नव्हे, तर पहिल्या काही महिन्यांत व्हावी. दुसरी ही की, पुनर्वसनात जागा वाटावयाची ती चिठ्ठ्या टाकून किंवा जमिनीच्या क्षेत्रावरून नव्हे, तर माणसांनी आपण होऊन बनविलेल्या गटांना वाटावी. दहा-वीस कुटुंबे मिळून एक गल्ली मागतील तर ती त्यांना मिळावी. तिसरी ही की, आराखडा मंजूर होण्यापूर्वी तो ग्रामसभेपुढे वा प्रभागातील नागरिकांपुढे ठेवावा, आणि त्या सभेत स्त्रियांची उपस्थिती नावापुरती नसावी. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरणे अस्तित्वात आली. त्या प्राधिकरणांनी गल्लीगल्लीतील रहिवाशांची मंडळे ओळखून, पावसाळ्यापूर्वी त्यांच्याशी बसून, कोणाला कोठे हलवावयाचे, कोणाच्या घराची गच्ची उंच आहे, कोणाच्या घरी आजारी माणूस आहे, याची यादी केली, तर कायद्याचा हेतू कागदावरून जमिनीवर उतरेल.

शहरातील सुशिक्षित वर्गाचेही या बाबतीत काही कर्तव्य आहे. आपत्तीची बातमी आली की आपण जुने कपडे बाहेर काढतो, धनादेश लिहितो, आणि आठवड्याभरात दुसऱ्या विषयाकडे वळतो. मदतीचे ट्रक पहिल्या पंधरवड्यात इतके येतात, की धान्य ठेवावयास जागा पुरत नाही. सहाव्या महिन्यात, जेव्हा दुकानदाराला माल उचलण्यास आणि ग्रंथालयाला कपाटे घेण्यास पैसा लागतो, तेव्हा कोणीही फिरकत नाही. कोकणाबाहेर नोकरीधंद्यासाठी गेलेल्या चाकरमान्यांनी गौरी-गणपतीला आणि शिमग्याला गावी जाण्याचा नेम पिढ्यान्‌पिढ्या चालविला आहे. ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते, आणि बंद घराचे दारही त्या दिवसापुरते उघडले जाते. या रिवाजात भक्ती आहे तशीच गावाची शिरगणतीही आहे: कोण आले, कोण आले नाही, कोणाचे काय अडले आहे, हे त्या चार दिवसांत समजते. ज्यांची मुळे अशा गावांत आहेत त्यांनी पैशाबरोबर आपला वेळ द्यावा. वकिलाने विम्याचे अर्ज लिहून द्यावेत, अभियंत्याने घर तपासावे, शिक्षकाने सुटीत मुलांचे वर्ग घ्यावेत. दूर बसून दिलेली भीक आणि जवळ येऊन दिलेला हात, यांतला फरक घेणाऱ्याला तत्काळ समजतो.

पावसाळा दरवर्षी येणार. वाशिष्ठीला पूर पुन्हा येणार नाही, सह्याद्रीची दरड पुन्हा कोसळणार नाही, असे आश्वासन कोणतेही सरकार देऊ शकत नाही, आणि दिले तरी त्यावर कोणी विश्वास ठेवू नये. सरकारने भिंती बांधाव्यात, गाळ काढावा, इशारा वेळेवर द्यावा. त्यात कसूर झाल्यास त्याला जाब विचारण्यास आम्ही मागेपुढे पाहणार नाही. पण पुढच्या आपत्तीच्या वेळी, बाहेरून मदत येण्यापूर्वीच्या काळोख्या तासांत, एखाद्या गल्लीतील किती माणसांना आपल्या शेजाऱ्याचे नाव ठाऊक असेल, हा प्रश्न सरकारला विचारून भागणार नाही. त्याचे उत्तर आजच, पाणी नसताना, तयार करावयास हवे. आणि पुनर्वसनाच्या प्रत्येक अहवालात ‘इतकी घरे पूर्ण’ या ओळीखाली, त्या घरांतील माणसे एकत्र बसू लागली की नाही, हेही लिहिले गेले पाहिजे.